टॅबलेटवर नक्षी काढताना तळहाताचा उपद्रव

कापडाच्या नक्षीत चुकीचा ठिपका पडला तर तो एकटा राहत नाही. बुट्टी जितक्या वेळा येते तितक्या वेळा तो विणला जातो. गेल्या हंगामात आमच्या एका ताक्यावर असाच ठिपका ओळीने उमटला आणि गिऱ्हाइकाने माल परत केला. मागाचा दोष नव्हता. टॅबलेटवर नक्षी काढताना पुतण्याचा तळहात काचेला लागला होता.

तळहात टेकल्याशिवाय हात स्थिर राहत नाही, ही कागदाची सवय. काचेला मात्र तळहातही बोटासारखाच वाटतो. मग रेघ ओढताना चित्र सरकते, लहानमोठे होते किंवा भलतीकडे रंग लागतो.

व्यापारी बंधूंनी प्रथम पेन पाहावे. रबरी टोकाचे स्वस्त पेन काचेच्या लेखी बोटच असते, त्यामुळे पेन कोणते आणि हात कोणता हे टॅबलेटला कळत नाही. अॅपल पेन्सिल किंवा सॅमसंगचे एस पेन यांची ओळख वेगळी पटते. मात्र एकाचे पेन दुसऱ्याच्या टॅबलेटवर चालेलच असे नाही. दुकानात पैसे देण्यापूर्वी तळहात टेकवून दहा रेघा ओढून पाहाव्यात. दुकानदार कुरकुरला तरी चालेल.

आयपॅडच्या सेटिंगमध्ये अॅपल पेन्सिलच्या पानावर ‘ओन्ली ड्रॉ विथ अॅपल पेन्सिल’ हे बटण आहे. ते चालू केले की बोटाने रेघ उमटत नाही, पान तेवढे सरकते. प्रोक्रिएटसारख्या चित्रांच्या अॅपमध्ये स्पर्श बंद करण्याची सोय निराळी असते, तीही तपासावी. काही विंडोज टॅबलेटांतही पेन चालू असताना स्पर्शाकडे दुर्लक्ष करण्याची सोय आहे. शिवाय पेन आधी काचेजवळ न्यावे, हात नंतर टेकावा. पेनची चाहूल लागली की असे बरेच टॅबलेट तळहात सोडून देतात.

उर्दूत हिशेब लिहिणाऱ्यांची अडचण वेगळी. उजवीकडून डावीकडे जाताना उजवा तळहात लिहिलेल्या ओळीवरूनच फिरतो. शाळेत ओल्या शाईने आमची बाही काळी होई आणि घरी बोलणी बसत. इथे लिहिलेल्यावरच फराटे उमटतात. दोन बोटे झाकणारा हातमोजा मिळतो, पण पातळ सुती कापडातून स्पर्श कधी कधी पार होतो.

आता पुतण्या फाइल पाठवण्यापूर्वी नक्षी मोठी करून चौकटीन् चौकट पाहतो. परत आलेला ताका दुकानात पडून आहे. अस्तरासाठी कोणी घेतो का पाहत आहोत.