पिनांकडे नको, बाणांकडे बघा! बोलिंगच्या लेनवरचं अंतराचं गणित

सुट्टीत गोव्याला किंवा पुण्याला गेलं की बेळगावकरांची पोरं एकदा तरी मॉलमधल्या बोलिंगचा हट्ट धरतातच. गेमचे पैसे भरायचे, भाड्याचे बूट घालायचे आणि पहिले चार बॉल गटरमध्ये. आमचंही तेच झालं. त्यात मला नुकताच प्रोग्रेसिव्ह चष्मा लागलेला. नजरच गेली, आता पोरांबरोबर खेळणं संपलं, असं म्हणत मी बाकावर बसलो. तेवढ्यात लेन सांभाळणारा पोरगा म्हणाला, "काका, पिनांकडे बघूच नका. बाणांकडे बघा."

असं का, ते मोजमापं बघितल्यावर कळतं.

फाऊल लाईनपासून पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट. क्रिकेटमध्ये गोलंदाजाच्या पुढच्या क्रीजपासून समोरच्या स्टंपपर्यंत ६२ फूट भरतात, म्हणजे अंतर आपल्या ओळखीचंच. आणि चांगला गोलंदाज तरी कुठे स्टंपकडे बघून टाकतो? तो टप्पा बघतो. इथेही तेच. फक्त इथली वाट अरुंद, ४१.५ इंच. त्यात ३९ उभ्या फळ्या, एकेक इंचाहून किंचित जास्त रुंद. उभं राहून बघितलं तर १५ फुटांवरची फळी ६० फुटांवरच्या फळीपेक्षा जवळपास चौपट रुंद दिसते. म्हणून लेनवर १२ ते १६ फुटांच्या पट्ट्यात सात बाण काढलेले असतात, दर पाच फळ्यांवर एक. मधला बाण विसाव्या फळीवर, म्हणजे बरोबर पहिल्या पिनेच्या रेषेत.

आता कॉमर्सवाल्यालाही जमेल असं त्रैराशिक. बॉल फाऊल लाईनवर योग्य फळीवर ठेवला, पण १५ फुटांवर बाण एका फळीने चुकला. ६० फुटांवर ती चूक चौपट होते: चार फळ्या, म्हणजे सव्वाचार इंच. बाण तीन फळ्यांनी चुकला तर जवळजवळ तेरा इंच. शेजारच्या दोन पिनांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत अंतर असतं १२ इंच. म्हणजे अख्खी एक पिन हुकली. बॉल साडेआठ इंच रुंद असतो म्हणून थोडं सांभाळून घेतो, एवढंच.

हेच गणित उलटं वापरलं की स्पेअर सोपा होतो. उजव्या हाताने सरळ बॉल टाकणाऱ्यांसाठी सांगतो. समजा, पहिल्या पिनेसाठीची तुमची उभं राहायची जागा ठरलेली आहे आणि डावीकडची पिन उरली. बाण तोच ठेवायचा, पाय उजवीकडे सरकवायचे आणि बाणाच्या दिशेने चालत जायचं. मागच्या रांगेतल्या पिनेपर्यंत क्रमाने तीन, सहा, नऊ फळ्या. तीनच का? फाऊल लाईनच्या मागे १२ फुटांवर ठिपके असतात. तिथून निघालात तर बाणापर्यंत २७ फूट आणि बाणापुढे पिनांपर्यंत ४५. म्हणून मागे तीन फळ्या सरकलं की पुढे बॉल पाच फळ्या दुसऱ्या बाजूला जातो, म्हणजे सव्वापाच इंच. डावीकडची प्रत्येक पुढची पिन सहा इंच बाजूला असते. हिशोब जुळतो. उजवीकडच्या पिनेला पाय डावीकडे न्यायचे. जागेवर उभं राहून टाकणाऱ्यांना मात्र हा आकडा लागू नाही, कारण २७ च्या जागी १५ येतात.

लेनवर साधारण पहिल्या ४० फुटांत तेल असतं. बॉल फिरवणाऱ्यांचा बॉल तिथे घसरतो आणि कोरड्या भागात वळतो, त्यामुळे त्यांचं गणित वेगळं. आपल्यासारख्या वर्षातून दोनदा जाणाऱ्यांना त्यात पडायचं कारण नाही.

राहिला चष्मा. पंधरा फुटांवरचा बाण बघताना नजर खाली जाते आणि प्रोग्रेसिव्ह काचेचा खालचा भाग जवळचं वाचण्यासाठी असतो. म्हणून बाण धूसर दिसतो. नजर खाली न नेता हनुवटी खाली घ्यायची, म्हणजे काचेच्या वरच्या भागातून बाण स्वच्छ दिसतो. दुसऱ्या गेमला मी तेच केलं. गटर दोनच. डाव्या कोपऱ्यातली पिन मात्र शेवटपर्यंत उभीच राहिली, नऊ फळ्यांचा हिशोब तेव्हा कुठे माहीत होता!