रेडिओवरची बातमी आणि रेडिओवरचं मत



अमेरिकेतल्या निवडणुकीच्या बातम्या आता आपल्याही मोबाईलवर येतात. त्यात 'कन्झर्व्हेटिव्ह' हा शब्द सारखा कानावर पडतो. कन्झर्व्हेटिव्ह म्हणजे परंपरावादी. धर्म, कुटुंब, जुन्या चालीरीती जपाव्यात, कर कमी असावा, सरकारने लोकांच्या व्यवहारात फार हात घालू नये, असं मानणारे लोक. यातले बहुतेक जण रिपब्लिकन पक्षाला मत देतात. हा विचार तिथे घरोघरी पोहोचवण्यात रेडिओचा मोठा वाटा आहे. तो कसा, ते आज पाहू.

१९४९ पासून अमेरिकेत एक नियम होता. वादाच्या विषयावर रेडिओ-टीव्हीने बोलायचं, पण वेगवेगळ्या बाजू ऐकवायच्या. १९८७ मध्ये सरकारी आयोगाने हा नियम काढून टाकला. त्यामुळे दिवसभर एकच बाजू मांडायलाही आडकाठी उरली नाही.

पुढच्याच वर्षी रश लिंबॉ यांचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. सोमवार ते शुक्रवार, रोज तीन तास. गाणी एफएमवर गेल्यामुळे जुन्या एएम केंद्रांना कार्यक्रम हवेच होते. सुरुवातीला लिंबॉ यांचा कार्यक्रम केंद्रांना फुकट मिळे. मोबदल्यात त्यातला जाहिरातींचा काही वेळ कार्यक्रम बनवणाऱ्यांकडे राही. गाडी चालवताना, कामावर असताना लाखो लोक तो ऐकू लागले. मोठी वर्तमानपत्रं आपलं म्हणणं मांडत नाहीत, असं वाटणाऱ्यांना आपला माणूस भेटला. १९९४ मध्ये रिपब्लिकन पक्षाला ४० वर्षांनी संसदेच्या खालच्या सभागृहात बहुमत मिळालं, तेव्हा नव्या खासदारांनी लिंबॉ यांना मानाचं सदस्य करून घेतलं.

ते नुसत्या निवडणुकीवर बोलत नसत. स्त्री-चळवळीची टिंगल करत. २००३ मध्ये एका क्रीडा वाहिनीवर ते म्हणाले, की डोनोवन मॅकनॅब या कृष्णवर्णीय फुटबॉलपटूचं कौतुक जरा जास्तच होतं, कारण कृष्णवर्णीय खेळाडूने यश मिळवावं असं पत्रकारांना वाटतं. मोठा गदारोळ झाला आणि काही दिवसांतच त्यांनी ते काम सोडलं. २०१२ मध्ये एक विद्यार्थिनी खासदारांपुढे बोलली, की गर्भनिरोधकांचा खर्च विम्यातून मिळावा. लिंबॉ यांनी तिच्या चारित्र्यावर घाण शब्द वापरले. अनेकांनी जाहिराती काढून घेतल्या, तेव्हा त्यांनी माफी मागितली.

तरी त्यांचा श्रोता तुटला नाही. २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना देशाचा मोठा नागरी सन्मान दिला. २०२१ मध्ये ते वारले.

मैत्रिणींनो, परंपरा जपावी असं वाटणं हा गुन्हा नाही. त्या विद्यार्थिनीची मागणी कुणाला पटली नसती, तर तसं सांगता आलं असतं. मत मांडायला बाईची अब्रू काढावी लागत नाही. आणि रोज तीन तास एकच आवाज ऐकला, की त्याचं मत आपल्याला बातमीच वाटू लागतं, मग तो आवाज कुठल्याही पक्षाचा असो.

बचत गटात आपण एकीचंच ऐकून कर्जाचा ठराव लिहीत नाही. रेडिओ, टीव्ही, व्हॉट्सअॅप ऐकतानाही तीन प्रश्न विचारा. ही घडलेली गोष्ट आहे की बोलणाऱ्याचं मत? दुसरी बाजू काय म्हणते? आणि हे ऐकवण्यात कुणाचा फायदा आहे?

हे प्रश्न माझ्या या भाषणालाही लावा.