कॉलेजच्या पोरांचा लॅपटॉप : घेण्याआधी पाहावे असे काही



उसाचे बिल जमा झाले की नांदेड-लातूरला शिकणारी पोरं लॅपटॉप मागतात. 'अभ्यासही होईल, गेमही चालेल,' म्हणतात. ही मागणी अगदीच खोटी नाही. गेमला लागणारी वेगळी ग्राफिक्स चिप अभियांत्रिकीच्या मुलांना यंत्रांचे त्रिमितीय आराखडे काढायलाही कामी येते. वाणिज्य शाखेला मात्र तिची गरज पडत नाही.

चिपच्या नावावर भुलू नका. तीच चिप एका लॅपटॉपात 60 वॅटवर चालते, दुसऱ्यात 100 च्या वर. विहिरीची मोटार घेताना आपण अश्वशक्ती विचारतो, तसे इथे वॅट विचारावेत. मेमरी 16 जीबी व 512 जीबीची एसएसडी असावी. मेमरी पुढे वाढवता येते का, तेही पाहावे.

असा लॅपटॉप चार्जरसकट अडीच-तीन किलो भरतो. गेम खेळताना बॅटरी तास-दीड तासात संपते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. गादीवर ठेवला तर हवेची वाट बंद होऊन तो तापतो अन् मंदावतो. टेबलावरच ठेवावा.

आमचे सांगणे एवढेच, की बिलातून आधी बेण्या-खताचे पैसे बाजूला काढा, मग पोराला शेजारी बसवून किंमत ठरवा.