स्टिकरमागचा लॅपटॉप

स्वस्त लॅपटॉपचा पहिला मोठा प्रयोग रायगड जिल्ह्याने फार लवकर पाहिला. २००७ साली कर्जत तालुक्यातल्या खैराट गावच्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत मुलांच्या हाती हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप आले. एमआयटीचे निकोलस निग्रोपाँटी यांनी २००५मध्ये दावोसला शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली होती; 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' ही त्यांची संस्था. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६मध्ये तिला नकार दिला होता, तरी खैराटचा प्रयोग झाला. किंमत काही शंभर डॉलरवर थांबली नाही. मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले तेव्हा ती १८८ डॉलरच्या आसपास होती.

आजच्या मानाने त्या यंत्राचे आकडे केविलवाणे वाटतील: ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, १ जीबी साठवण, साडेसात इंचांचा पडदा. पण तो पडदा भर उन्हात वाचता येई. कीबोर्डवर रबराचे अखंड आवरण होते, त्यामुळे धूळपाणी आत शिरत नसे. फिरणारी हार्ड डिस्क नव्हती, म्हणजे आपटली तरी बिघडायला आत काही हलतच नव्हते. साध्या स्क्रूड्रायव्हरने ते उघडता येई आणि मूठ धरायच्या दांड्यात जादा स्क्रूही ठेवलेले होते. भारतात ही योजना मागे पडली. तिच्या शैक्षणिक यशाविषयी वाद होऊ शकेल, परंतु यंत्र कुठे वापरले जाणार याचा विचार आधी आणि आकड्यांचा नंतर, ही त्यातली पद्धत लॅपटॉप घ्यायला निघालेल्या कोणत्याही पनवेलकराने उचलावी अशी आहे.

बाजारात नेमके उलटे चालते. कीबोर्डखाली चिकटवलेले रंगीत स्टिकर पाहून भाव ठरतो. 'आय फाइव्ह आहे ना?' एवढाच प्रश्न गिऱ्हाईक विचारते आणि 'आहे ना!' हे उत्तर मिळाले की बोलणे हप्त्यांवर येते.

पनवेलचा लॅपटॉप घरात थोडा आणि प्रवासात जास्त असतो. पनवेल ते सीएसएमटी हे हार्बरचे अंतर ४९ किलोमीटर, वेळ साधारण एक तास वीस मिनिटे. सकाळच्या गाडीत बॅग एकतर पोटाशी आवळलेली, नाहीतर वरच्या रॅकवर इतरांच्या बॅगांखाली. साडेपंधरा इंची लॅपटॉप पावणेदोन किलोपर्यंत जातो, त्यावर चार्जरचे ओझे वेगळे. चौदा इंची यंत्र दीड किलोच्या आत मिळते आणि खांद्याला तो फरक महिन्याभरात कळतो. यूएसबी-सी पोर्टमधून चार्ज होणारे मॉडेल असेल तर आणखी बरे. घरी आणि ऑफिसात ६५ वॉटचा साधा चार्जर ठेवता येतो, आणि मूळ चार्जर हरवला तर दुकाने पालथी घालावी लागत नाहीत. सुटा चार्जर घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि आर अक्षरापुढचा आठ आकडी नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे. हा क्रमांक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' अॅपवर तपासता येतो.

दुरुस्तीवाल्यांकडे स्वस्त लॅपटॉप ज्या दुखण्याने येतात, त्यात बिजागरीचे दुखणे फार मोठे. पडदा ज्या धातूच्या बिजागरीवर उघडतो, ती प्लॅस्टिकच्या कवचात बसवलेल्या पितळी नटांना कसलेली असते. बिजागरी घट्ट आणि प्लॅस्टिक पातळ असले की दोनेक वर्षांत नट उखडतात आणि झाकण उघडताना कवच फाटते. मग कवच बदलायचे आणि आतली पडद्याची वायर तुटली असेल तर तीही. दुकानातच परीक्षा होते. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडावे, कीबोर्डच्या मधोमध अंगठ्याने दाबून पाहावे. करकर आवाज आला किंवा पत्रा खाली वाकला, तर पुढच्या काउंटरकडे वळावे. विक्रेत्याला राग आला तर येऊ द्यावा.

आता स्टिकर. २०२३च्या सुमारास आलेले एएमडीचे दोन प्रोसेसर पाहा: रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. नाव एकच, आकड्यात फरक जेमतेम दहाचा. पण या मालिकेत तिसरा आकडा आतली रचना सांगतो. ७५२०यूमधला २ म्हणजे झेन २ ही जुनी रचना, कोअर चार. ७५३०यूमधला ३ म्हणजे झेन ३, कोअर सहा. शिवाय ७५२०यूबरोबरची रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, म्हणजे पुढे वाढवण्याचा मार्ग बंद. दोन्हींवर स्टिकर मात्र 'रायझन ५'चेच. इंटेलची तऱ्हाही फार निराळी नाही. कोअर आय ५च्या पुढचे आकडे पिढी सांगतात: ७२००यू सातव्या पिढीचा, ८२५०यू आठव्या, १३३५यू तेराव्या. दहा वर्षांपूर्वीचा आय ५ आणि कालचा आय ५ यांचे आडनाव तेवढे एक. सेलेरॉन आणि पेंटियम ही नावे इंटेलने २०२३मध्ये नव्या लॅपटॉपवरून काढली, तरी जुना साठा सणाच्या जाहिरातींत डोकावतो. दोन कोअरचा सेलेरॉन आणि ४ जीबी रॅम ही जोडी नवी कोरी असली तरी घेऊ नये. ब्राउझरच्या पाच-सहा टॅब आणि एक ऑनलाइन बैठक एवढ्यातच ती दमते.

रॅम किती, यापेक्षा ती वाढवता येते का, हा प्रश्न मोलाचा. आज ८ जीबीवर भागेल, पण चार-पाच वर्षे वापरायचे तर १६ जीबी हवी. ८ जीबी सोल्डर केलेली आणि एक स्लॉट रिकामा, असे मॉडेल मिळाले तर उत्तम, कारण तिथे नंतर दुसरी पट्टी बसवता येते. सगळीच सोल्डर केलेली असेल तर विक्रेत्याच्या 'वाढवता येईल, साहेब'ला अर्थ नाही. साठवण एनव्हीएमई प्रकारची ५१२ जीबी एसएसडी असावी. ६४ जीबी ईएमएमसीची यंत्रे टाळावीत, कारण विंडोज ११ची किमान गरजच ६४ जीबी आहे आणि अपडेट येऊ लागले की फायलींना जागा उरत नाही.

पडद्याबाबत जाहिराती गप्प असतात. 'फुल एचडी' हा नुसता ठिपक्यांचा हिशेब झाला. पडदा टीएन जातीचा असेल तर जरा तिरक्या नजरेने पाहताच रंग उडतात, आयपीएस हवा. उजेड २५० निट्‌सचा असला तर घरात चालेल, पण खिडकीशेजारी बसणाऱ्याने ३०० निट्‌स किंवा जास्तीचा आग्रह धरावा. सोल्डर केलेली नसेल तर रॅम बदलता येते, एसएसडी बदलता येते, बॅटरीही बदलता येते. पडदा, कीबोर्ड, बिजागरी आणि प्रोसेसर मात्र जे आले तेच शेवटपर्यंत डोळ्यांसमोर आणि हाताखाली राहते, म्हणून पैसा आधी तिथे घालावा.

इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला की गेमिंग लॅपटॉप हवाच, अशी एक समजूत आहे. नवीन पनवेलच्या पिल्लई कॉलेजात आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलीला त्रिमितीय आराखड्यांसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड खरोखर लागते. पण पहिल्या वर्षाला सी किंवा पायथन शिकणाऱ्याला किंवा खांदा कॉलनीच्या सीकेटी कॉलेजात वाणिज्य शाखेला असलेल्याला सव्वादोन किलोचे, झपाट्याने बॅटरी खाणारे यंत्र गाडीतून वाहण्याचे काहीच कारण नाही.

ज्यांचे अंदाजपत्रक पंचवीस हजारांच्या आसपास अडते, त्यांनी नव्याचा हट्ट सोडावा. ऐरोली, महापे, वाशी इथल्या कंपन्या लॅपटॉप बहुधा तीन-चार वर्षांच्या भाडेकराराने घेतात आणि मुदत संपली की ते घाऊकीने बाजारात येतात. डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक, लेनोवोचे थिंकपॅड ही ती घराणी. त्यांची बिजागरी मजबूत, कीबोर्ड चांगला, सुटे भाग सहज मिळणारे. अशा यंत्रांची मुंबईतली जुनी पेठ म्हणजे लॅमिंग्टन रोड, अर्थात डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पनवेलहून कुर्ल्याला गाडी बदलून दादर आणि तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. एक दिवस मोडतो, पण पाच-पंचवीस यंत्रे हाताळून पाहता येतात.

तिथे डोळे उघडे हवेत. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा रायझनची ३०००ची मालिका लागते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे स्वस्तात मिळतात आणि त्यांवर विंडोज ११ कसेबसे बसवून विकले जाते. ती घेऊ नयेत. घरात आधीच असतील तर फेकूही नयेत. विंडोजऐवजी उबुंटू किंवा लिनक्स मिंट फुकट मिळते, त्यावर लिबरऑफिस आणि युनिकोड मराठी टंकलेखन व्यवस्थित चालते. निवृत्त आजोबांच्या पत्रव्यवहाराला एवढे पुष्कळ झाले.

जुन्या यंत्राची बॅटरी तपासायला विंडोजमध्येच सोय आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी ही आज्ञा बॅटरीरिपोर्ट या पर्यायासह दिली की मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापायला सांगावे. यंत्र सुरू करून बायोसमध्ये शिरावे. तिथे पासवर्ड मागितला तर व्यवहार थांबवावा. विंडोज नव्याने बसवताना एखाद्या कंपनीचे नाव पडद्यावर आले, तर त्या यंत्रावरचा कंपनीचा ताबा अजून सुटलेला नाही असे समजावे. जीएसटीचे पक्के बिल आणि त्यावर सीरियल नंबर नसेल, तर चोरीचा माल गळ्यात पडण्याची भीती आहेच.

नव्या यंत्राच्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, आणि सणाची सूट पुष्कळदा वाढवून छापलेल्या एमआरपीवर मोजली जाते. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये बँक व्याजावर जीएसटी लावते, प्रोसेसिंग फी वेगळी. हे सगळे धरून जो आकडा येतो, तो खरा भाव. शिवाय एकाच नावाच्या मॉडेलमध्ये कमी उजेडाचा पडदा आणि लहान बॅटरीवाला भाऊबंद असतो, म्हणून ऑनलाइन भावाशी तुलना करताना खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवावा.

कोणती कंपनी चांगली, या प्रश्नाला एका नावाचे उत्तर नाही, कारण एकाच कंपनीची साधी मालिका आणि ऑफिससाठीची मालिका यांत फार अंतर असते. ग्राहकाच्या कामाचा प्रश्न वेगळाच आहे: बिघाड झाला तर माणूस घरी येणार की यंत्र घेऊन आपणच जायचे? वॉरंटी 'ऑनसाइट' आहे का आणि ४१०२०६ या पनवेलच्या पिनकोडला ती लागू आहे का, हे खरेदीआधी कंपनीच्या हेल्पलाइनला विचारून घ्यावे. तालुक्यातल्या गावात राहणाऱ्याने आपला पिनकोड सांगून विचारावे. दोन हजार रुपयांच्या सवलतीपेक्षा वाढीव एका वर्षाची ऑनसाइट वॉरंटी जास्त मोलाची.

दुकानातून निघण्यापूर्वी खोके तिथेच फोडावे, यंत्र सुरू करावे, सीरियल नंबर बिलाशी ताडावा. घरपोच आले असेल तर खोके उघडतानाचे चित्रीकरण ठेवावे. पुढे विक्रेत्याने किंवा कंपनीने हात वर केले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथेही दाद लागली नाही, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे माल कुठूनही घेतला असला तरी पनवेलकराला अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे फी लागत नाही.