मोठी गाडी जुन्या भावात, सांभाळ मात्र नव्या भावात

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमधून एक नवा विषय कानावर येऊ लागला आहे. मुलगा कायम झाला, सुनेचाही पगार सुरू झाला, की घरात चारचाकीची गोष्ट निघते. मग कोणीतरी मोबाइलवरची जाहिरात पुढे करतो. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी, स्कोडा सुपर्ब, टोयोटा कॅमरी! गाडी दहा-बारा वर्षे वापरलेली, पण किंमत एखाद्या नव्या लहान गाडीएवढी, कधी त्याहूनही कमी. "एवढ्याच पैशात पत्र्याचा डबा कशाला घ्यायचा?" असा सवाल येतो, आणि घर दोन गटांत विभागले जाते.

सवाल अगदीच चुकीचा नाही. आरामात बसणे ही काही ठरावीक लोकांची मक्तेदारी नाही. मर्सिडीज पुण्याजवळ चाकणला जोडली जाते. सुपर्ब वर्षानुवर्षे छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला जोडली गेली. ज्या गाड्यांचे नट-बोल्ट आपल्याच भागातील कामगारांनी आवळले, त्यात कामगाराच्या कुटुंबाने बसू नये असे कोण म्हणेल? तेव्हा मोठी गाडी घेऊ नका, असा उपदेश करण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. आम्ही पेशाने कारकून. आमचे म्हणणे एवढेच की, ही खरेदी किमतीच्या आकड्यावर ठरवू नये, खर्चाच्या आकड्यावर ठरवावी.

भाव उतरतो, सुटे भाग उतरत नाहीत

नवी असताना जी गाडी तीस लाखांच्या घरात होती, ती दहा-बारा वर्षांनी पाच-सात लाखांना मिळते. या घसरणीलाच हिशेबाच्या भाषेत घसारा म्हणतात. पण घसारा गाडीला लागतो, तिच्या दिव्याला, ब्रेकला, गिअरबॉक्सला लागत नाही. हेडलाइट फुटला तर दुकानदार तो तीस लाखांच्या गाडीचा म्हणूनच विकतो. तुम्ही गाडी कितीला घेतली, हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक करून घ्यायचेही नसते.

विमा आहे ना, असे कोणी म्हणेल. तेथेही नियम नीट वाचावा. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत रबर, प्लॅस्टिक व नायलॉनचे भाग, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांच्यावर ५० टक्के घसारा कापला जातो. बंपर प्लॅस्टिकचा, हेडलाइटही प्लॅस्टिकचा. म्हणजे अर्धे बिल आपल्या खिशातून. ही कपात टाळणारे 'झीरो डेप' कवच पाच-सात वर्षांपुढच्या गाडीला मिळणे कठीण असते. शिवाय थर्ड पार्टी विम्याचा दर इंजिनाच्या आकारावर असतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, तर १५०० सीसीवरील गाडीला ७,८९७ रुपये. गाडी जुनी झाली म्हणून यात सवलत नाही.

आता रोजच्या वापराचे इंधन पाहू. रोज ४० किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस धरले, तर महिन्याला १००० किलोमीटर होतात. मोठी पेट्रोल गाडी शहराच्या गर्दीत लिटरला ८ किलोमीटर गेली, तर १२५ लिटर लागेल. लहान गाडी १६ गेली, तर साडेबासष्ट लिटर. पेट्रोल शंभर रुपये धरा. एकीकडे १२,५०० रुपये, दुसरीकडे ६,२५०. वर्षाचा फरक ७५,००० रुपये. एखाद्या मुलीच्या डिप्लोमाच्या फीएवढी ही रक्कम फक्त धुरात जाते.

म्हणून आमची सूचना अशी की, बोलणी करण्याआधी पाच कोटेशने घ्यावीत: चार टायर, पुढचे-मागचे ब्रेक पॅड व डिस्क, एका बाजूचा हेडलाइट, सस्पेन्शनचे खालचे आर्म आणि गिअरबॉक्सचे तेल बदलणे. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमधून एक आणि बाहेरच्या जाणकार गॅरेजमधून एक, असे दोन्ही भाव मागावेत. ही बेरीज पाहिल्यावर घरातील चर्चा आपोआप ताळ्यावर येते. आणि गाडीच्या किमतीच्या निदान एक तृतीयांश एवढी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला असल्याखेरीज व्यवहार करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सहा लाख जमले असतील तर गाडी साडेचार लाखांची पाहावी, सहाची नव्हे.

रेशन कार्डाचा विचार केला का?

हा मुद्दा गाडीचा दलाल सांगणार नाही, म्हणून येथे मुद्दाम मांडतो. आपल्या राज्यात केशरी शिधापत्रिकेच्या अटींत, कुटुंबातील कोणाकडेही चारचाकी यांत्रिक वाहन नसावे, अशी अट आहे. टॅक्सीचालकाची टॅक्सी तेवढी वगळली आहे. २०२४ साली सुरू झालेल्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेतही, कुटुंबातील सदस्याच्या नावावर ट्रॅक्टर सोडून दुसरे चारचाकी वाहन असेल तर बहीण अपात्र ठरते. ग्रामीण घरकुलाच्या योजनेत तीनचाकी-चारचाकीवाले कुटुंब वगळले जाते.

नियम गाडीची किंमत विचारत नाही. दोन लाखांची जुनी गाडी असो की पन्नास लाखांची नवी, नोंद झाली की झाली. एकत्र कुटुंबात थोरल्याने हौसेने गाडी घ्यायची आणि धाकट्याच्या बायकोचे दरमहा १,५०० रुपये बंद व्हायचे, यातून घरात वितुष्ट येते. गाडी 'दुसऱ्याच्या नावावर ठेवू' ही पळवाट तर त्याहून वाईट. त्याबद्दल पुढे सांगतो. तेव्हा कार्ड कोणते, त्यावर नावे कोणाची, योजना कोणत्या, हे कागदावर मांडून सर्वांनी, घरातील बायकांनीही, एकत्र बसून निर्णय घ्यावा.

घराला कोणती सोयीची?

एवढे करूनही मन मोठ्या गाडीवरच असेल, तर ब्रँड पाहण्याआधी माणसे पाहावीत. गुडघे दुखणाऱ्या आईला खाली असलेल्या सीटवर बसायला-उठायला त्रास होतो का, हे तिला बसवूनच कळते. मर्सिडीज ई-क्लास किंवा बीएमडब्ल्यू फाइव्ह सीरिजमध्ये ताकद मागच्या चाकांना जाते. त्यामुळे मागे मधोमध उंचवटा येतो आणि तिसऱ्या माणसाचे पाय अवघडतात. सुपर्ब आणि कॅमरी पुढच्या चाकांवर चालतात, त्यांत ही अडचण कमी. लांबीही मोजावी. या गाड्या पावणेपाच मीटरच्या पुढे असतात. २०१७ पासून आलेली ई-क्लास तर पाच मीटरहून लांब आहे. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमांत लहान गाडीची पार्किंगची जागा साडेचार मीटर लांब धरलेली आहे. म्हणजे सोसायटीत लहान जागा वाट्याला आली असेल, तर गाडीचे नाक रस्त्यावर राहणार! पाच माणसे बसल्यावर गतिरोधकाला पोट घासते का, तेही आपल्या गल्लीतच पाहावे.

यंत्राच्या बाबतीत एकच सूत्र लक्षात ठेवावे: जेवढे साधे, तेवढे टिकाऊ. हवेच्या पिशव्यांवर तरंगणारे एअर सस्पेन्शन बसायला सुखाचे, पण ते रबर वयाबरोबर तडकते आणि दुरुस्ती जबर असते. साधी लोखंडी स्प्रिंग बरी. सुपर्बच्या १.८ पेट्रोलमध्ये सात गिअरची, कोरड्या क्लचची ऑटोमॅटिक पेटी येत असे. सरकत-थांबत चालणाऱ्या गर्दीत असा क्लच तापतो. तिच्या २.० डिझेलमधील सहा गिअरच्या पेटीचा क्लच तेलात असतो. तिला तेल मात्र साधारण ६०,००० किलोमीटरला बदलावे लागते, आणि ते बदलल्याची पावती मागावी.

डिझेल की पेट्रोल? एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला लांबचा, वेगाचा प्रवास लागतो. शाळा-बाजार-स्टेशन एवढीच फेरी असेल तर तो चोंदतो. तेव्हा शहरात पेट्रोल बरे आणि महामार्गावर रोज जाणाऱ्याला डिझेल. पेट्रोलचीही एक बाजू आहे. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल आले. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. अ‍ॅव्हरेज थोडे कमी पडते, आणि इंधनाच्या रबरी नळ्या व सील तपासून घ्याव्या लागतात.

रोजच्या शहरी वापराला आमची पसंती विचाराल, तर २०१३ पासून मिळू लागलेली कॅमरी हायब्रिड. सिग्नलला इंजिन बंद राहते, गाडी बॅटरीवर सरकते, आणि गर्दीतच तिची बचत दिसते. मात्र बॅटरीची तपासणी अधिकृत वर्कशॉपमध्ये करून लेखी अहवाल घ्यावा, कारण ती बदलण्याचा खर्च लाखांत जातो. २०१९ पूर्वीच्या गाडीत ही बॅटरी मागच्या सीटमागे असल्याने डिकी लहान होते. गावी पोती-पिशव्या नेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पाहायला जाताना

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. बॉनेटला हात लावावा. गरम लागले तर मालकाने आधीच सुरू करून ठेवली आहे असे समजावे. रात्रभर उभी असताना एक कोपरा खाली बसला असेल तर एअर सस्पेन्शन गळत आहे. सर्व सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावेत. तळाशी चिखलाची रेघ दिसली तर गाडी पुरात बुडालेली. २६ जुलै २००५ चा मुंबईतील पाऊस आणि डिसेंबर २०१५ चा चेन्नईतील पूर यांनी अशा किती गाड्या बाजारात सोडल्या, हे गॅरेजवाले सांगतात. स्टेपनीच्या खड्ड्यातील गंजही तेच सांगतो. टायरवर चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. चॅसी नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपमधील सर्व्हिसचा इतिहास मागावा. शेवटी स्वतःच्या ओळखीच्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून आणि स्कॅनर लावून तपासावी. त्याला दिलेले दोन-तीन हजार रुपये वाया जात नाहीत. मालक तपासणीला नकार देत असेल, तर तेच उत्तर समजून घरी यावे.

कागद पक्का तर गाडी पक्की

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि आपल्या राज्यात पर्यावरण करही भरावा लागतो. तेरा वर्षांची गाडी स्वस्त का, याचे एक उत्तर यातच आहे.

दिल्लीच्या पासिंगच्या गाडीबाबत विशेष जपावे. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्या परिसरात १० वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल अशी बंदी कायम केली. २०२५ मध्ये न्यायालयाने त्यात सवलत दिली. पण दरम्यानच्या काळात तिकडच्या कितीतरी मोठ्या गाड्या पडेल भावात इतर राज्यांत गेल्या. अशा गाडीला मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्रात नव्याने नोंदणी करून येथील कर भरावा लागतो. तो खर्च किमतीत मिळवल्यावर स्वस्ताई बरीच ओसरते. ना-हरकत 'मागून पाठवतो' म्हणणाऱ्याला पैसेही मागूनच द्यावेत.

मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० आहेत. गाडीवर कर्ज होते तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र घ्यावे. थकलेले ई-चलन आधी भरून घ्यावे. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. 'नाव नंतर बदलू' हे दोघांनाही महागात पडते. फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गाडी कितीही हातांतून गेली असली तरी अपघाताच्या दिवशी नोंदवहीत ज्याचे नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. भावाच्या किंवा मित्राच्या नावावर गाडी ठेवून रेशन कार्ड वाचवू पाहणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. आपल्या हौसेपायी दुसऱ्याचे घर जप्तीला जाऊ शकते.

वाचक बंधू-भगिनींनो, वहीच्या एका पानावर तीन आकडे लिहा: गाडीची किंमत, पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीची राखीव रक्कम आणि महिन्याचे पेट्रोल. चौथा आकडा मुलांच्या शिक्षणाचा. पहिले तीन भागवून चौथ्याला हात लागत नसेल, तर खुशाल मोठी गाडी घ्या, आईला पुढच्या सीटवर बसवा आणि सगळे मिळून गावी जाऊन या. हात लागत असेल, तर लहान गाडी घ्या. कर्ज काढून दारात उभी केलेली आणि दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून वर्षभर ताडपत्रीखाली झाकलेली मोठी गाडी घराची शान वाढवत नाही. रोज वेळेवर सुरू होणारी लहान गाडी मात्र घराच्या कामाला येते.