कोअर मोजू नका, काम मोजा

आंबेनळीच्या पायथ्याशी, पोलादपूर-महाडकडे फर्निचर-बांधकामाची संगणकीय चित्रे करणाऱ्या बंधूंनी महागडा प्रोसेसर घेण्यापूर्वी हिशेब करावा. दोन्ही २०२३ चे: इंटेल झिऑन डब्ल्यू९-३४९५एक्समध्ये ५६ कोअर, एएमडी थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्समध्ये ९६. विजेचे मानांकन दोघांचे ३५० वॉट. छाया-प्रकाशासह अंतिम चित्र काढताना काम सर्व कोअरवर वाटले जाते. तेथे ९६ कामी येतात. नुसता आराखडा आखणे मात्र बहुतांशी एका कोअरवर चालते; बाकीचे रिकामे, पैसा अडकलेला. मदरबोर्ड वेगळे, म्हणून पुढे अदलाबदल नाही. जुलै २०२१ मध्ये दरडींनी आंबेनळीचा रस्ता बंद पडला होता. अशा वेळी सुटा भाग कोठून मिळेल, तेही विचारावे. आमचा सल्ला एवढाच: आपलेच काम दोन्ही यंत्रांवर घड्याळ लावून चालवून पाहा, मगच बयाणा द्या.