सागरी प्राण्यांचे जाळ्यांत अडकणे

सागरी प्राण्यांचे जाळ्यांत अडकणे : मासेमारीची जाळी, दोर, सापळे अथवा समुद्रात पडलेल्या टाकाऊ वस्तू यांत गुरफटून सागरी प्राणी जखमी वा मृत होणे. वापरात असलेल्या जाळ्यात नको असलेला प्राणी सापडणे आणि हरवलेल्या जाळ्यात तो अडकणे या दोन वेगळ्या बाबी मानतात. प्राण्याच्या दृष्टीने मात्र परिणाम सारखाच होतो.

पूर्वी जाळी सण, ताग व कापूस यांच्या सुताची असत. ती हरवली, तरी काही काळाने कुजून नष्ट होत. १९३५ मध्ये नायलॉनचा शोध लागला व दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम धाग्याची जाळी सर्वत्र रूढ झाली. हा धागा बळकट असतो, पाण्यात सहजी दिसत नाही आणि कुजत नाही. त्यामुळे तळाशी खडकात अडकलेले गिल जाळे मालकावाचूनही मासे मारीत राहते. अशा जाळ्यांस ‘भुताळी जाळी’ म्हणतात. उथळ, खवळलेल्या पाण्यात ती लवकर गुंडाळली जातात. खोल, संथ पाण्यात मात्र वर्षानुवर्षे उभी राहू शकतात.

कासव, डॉल्फिन, देवमासा व सील हे फुप्फुसांनी श्वास घेणारे प्राणी असल्याने पाण्याखाली अडकल्यास ते गुदमरतात. विश्रांती घेणारे कासव तासन् तास पाण्याखाली राहू शकते. पण ट्रॉल जाळ्यात धडपडताना त्याचा प्राणवायू झपाट्याने संपतो. बेशुद्ध कासव मेले असे समजून समुद्रात टाकले जाते, हे अधिकच दुर्दैवी. त्याचा मागील भाग थोडा उंच ठेवून त्यास डेकवर सावलीत व ओलसर ठेवल्यास ते पुष्कळदा सावध होते. सीलची पिले कुतूहलाने जाळ्याचे तुकडे वा खोक्यांच्या पट्ट्या यांत मान घालतात. प्राणी वाढतो, कडे मात्र वाढत नाही व ते मांसात रुतते. उत्तर अटलांटिकमधील राइट देवमाशांपैकी ८०% हून अधिकांच्या अंगावर दोरांचे वण आढळले आहेत. शेवंड व खेकडे यांच्या सापळ्यांचे दोर ओढीत हे प्राणी महिनोन् महिने पोहतात व उपासमारीने खंगतात. मेक्सिकोतील व्हाकीटा हा छोटा शिंशुक तर गिल जाळ्यांमुळेच नामशेष होण्याच्या बेतात आहे.

कासवांसाठी ट्रॉल जाळ्यात तिरप्या गजांची चौकट बसवितात. कोळंबी गजांमधून मागील पिशवीत जाते, तर कासव चौकटीवरून घसरून मोकळ्या दारातून बाहेर पडते. या साधनाचे मूळ मजेशीर आहे : जॉर्जियातील सिंकी बून या मच्छीमाराने तशी चौकट कासवांसाठी नव्हे, तर जाळ्यात भरणारे जेलीफिश टाळण्यासाठी बनविली होती. अमेरिकेने १९८९ च्या कायद्याने अशा साधनांविना पकडलेल्या कोळंबीची आयात रोखली. भारत, पाकिस्तान, मलेशिया व थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. १९९८ च्या निर्णयात संरक्षणाचा हेतू वैध, पण अंमलबजावणी पक्षपाती ठरली. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय नौकांस सोईचे साधन तयार केले. तथापि थोडी कोळंबीही दारातून निसटते, या भीतीने मच्छीमार ते बसविण्यास नाखूष असतात. ही तक्रार अगदीच निराधार म्हणता येत नाही.

मोठी तरंगती जाळी खुल्या समुद्रात वापरण्यावर संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार १९९२ च्या अखेरीपासून बंदी आहे. जहाजांवरून प्लॅस्टिक टाकण्यास १९८८ च्या अखेरीपासून आंतरराष्ट्रीय करारान्वये मनाई आहे. मात्र वादळात तुटलेले जाळे मनाईने परत येत नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार ऑलिव्ह रिडले कासव, देवमासा इ. प्राणी संरक्षित आहेत. परंतु जाळे कापून प्राणी सोडायचा, तर मच्छीमाराचे हजारो रुपये बुडतात. ही अडचण ओळखून महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये, संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळे कापणाऱ्यास रु. २५,००० पर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली. पुरावा म्हणून सुटकेची छायाचित्रे सादर करावी लागतात.